सात नंबरची नजर

मनमाडहून पहाटेची पंचवटी एक्सप्रेस पकडून मी चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम नाशिकला जिल्हा स्पर्धेला नेली होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमची सात नंबर बॉल घेऊन मधली रेषा ओलांडून आली. उजवीकडे तिचीच मैत्रीण रिंगखाली एकटी, हात वर करून उभी होती. पास गेला असता तर सोपा लेअप होता. पण सात नंबरने तिकडे पाहिलंच नाही, तिने माझ्याकडे पाहिलं. मी साइडलाइनवरून ‘थांब, थांब, सेट कर!’ म्हणून ओरडत होते. तिने ड्रिबल थांबवला, बॉल दोन्ही हातांत धरला आणि समोरच्या मुलीने तो हिसकावून नेला.

संध्याकाळी परतताना लासलगाव गेल्यावर मी तिला विचारलं, “ती रिंगखाली मोकळी होती, दिसली नाही का तुला?”

“दिसली असती मॅडम, पण तुम्ही काय सांगताय ते ऐकत होते.”

मनमाड येईपर्यंत मी काही बोलले नाही. तेरा वर्षांच्या मुलीला खेळता खेळता परवानगी मागायची सवय मीच लावली होती.

बास्केटबॉलमध्ये बॉल हातात आला की २४ सेकंदांत रिंगकडे शॉट जावा लागतो, त्यातल्या आठांत अर्धं मैदान पार करायचं. मोकळा खेळाडू मोकळा राहतो तो जेमतेम सेकंदभर. मला तो दिसणार, मी ओरडणार, मुलगी ऐकणार, समजून घेणार, मग पास देणार. तोवर बचाव करणारी तिथे पोचलेलीच असते. शिवाय माझा आवाज तिलाही ऐकू जातोच. म्हणजे बरोबर सूचनाही बहुतेक वेळा उशिराचीच असते.

डॅनिएल मेमर्ट आणि फिलिप फर्ली या जर्मन संशोधकांनी २००७ साली हँडबॉल खेळणाऱ्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. लक्ष कुठे द्यायचं हे जितकं नेमकं सांगितलं, तितका समोर मोकळा उभा असलेला साथीदार मुलांच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण वाढलं. वाचताना मला आमची सात नंबरच आठवत होती.

आम्ही कोच ओरडतो ते काळजीपोटी, हेही खरं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात, शाळेला शिल्ड हवी असते, आणि गप्प बसलेला कोच पालकांना कामचुकार वाटतो. पण हा खेळ सुरुवातीला असा नव्हता. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला तो शोधला. पुढे कितीतरी वर्षं तिथे सामना चालू असताना बाकावरून सूचना द्यायला बंदी होती. कॉलेजच्या सामन्यांत तर टाइमआउटमध्ये खेळाडूंशी बोलायची मुभा कोचला मिळाली ती १९४८-४९ च्या हंगामात.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आमचं मनमाड आज खेळात ओळखलं जातं ते वेटलिफ्टिंगमुळे. इथल्या आकांक्षा व्यवहारेने जून २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या लिऑनला जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात रौप्यपदक आणलं. त्या खेळात वजन किती लावायचं, वॉर्म-अप किती करायचा, हे सगळं कोच मागे उभं राहून ठरवतो. पण नाव पुकारलं की घड्याळात ६० सेकंद, आणि बारसमोर मुलगी एकटी. बार जमिनीवरून सुटल्यावर सांगण्यासारखं काही उरतच नाही. शिकवणं आधीच झालेलं असावं लागतं.

नाशिकच्या त्या सामन्यानंतर माझी सरावाची पद्धत बदलली. अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन खेळवते. कधी ड्रिबल बंद, फक्त पास. मग मोकळं कोण आहे ते मुलींना स्वतःच शोधावं लागतं. सामन्यात मी बाकावर बसते. मांडीवर दोनशे पानी वही असते. ओठांवर आलेली सूचना तिच्यात लिहिते. त्यातल्या निम्म्या सूचना दोन मिनिटांनी वाचल्या तर खोडाव्या लागतात, कारण मुलींनी तोवर ते आपापलं सोडवलेलं असतं. सांगायलाच हवं ते बदली जाणाऱ्या मुलीच्या कानात सांगते. टाइमआउट ६० सेकंदांचा, त्यातले पहिले वीस मुलींचे. सुरुवातीला त्या नुसत्या पाणी पीत माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. तीन-चार सामन्यांनंतर एकजण म्हणाली, “अकरा नंबर फक्त उजव्या हाताने खेळतेय.” मला ते दिसलं नव्हतं.

कुणाला लागलं, कुणी मुद्दाम ढकलाढकली करत असेल, कुणी रडवेली झाली, तर मी लगेच उठते, तिथे गप्प बसणं चूकच. चांगल्या खेळाला टाळी तर हवीच.

पालकांना सामन्याआधी एकच विनंती करते : मुलीचं नाव घेऊन हवं तेवढं ओरडा, पण काय कर ते सांगू नका. एक वडील म्हणाले, “मॅडम, हे लई अवघड आहे.” खरंच आहे ते. मला अजून जमलेलं नाही. म्हणून बाकावरच्या एका मुलीकडे काम दिलंय. मी उठून सूचना ओरडले की तिने माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारायची. पहिल्या सामन्यात एकतीस रेघा होत्या. परवा नऊ. सात नंबरने त्या मोजल्या आणि वही माझ्या हातात देत म्हणाली, “मॅडम, यातल्या चार शेवटच्या दोन मिनिटांतल्या आहेत.”