आजीच्या हातावरची तुळस

परवा आजीच्या हाताचा फोटो घेऊन मी वाशीच्या एका टॅटू स्टुडिओत धडकले. मनगटाच्या वर हिरवट, जरासं पसरलेलं तुळशी वृंदावन. आजी कोंबडभुज्याची, पक्की आगरी. नवी मुंबई विमानतळासाठी गाव उठलं, तेव्हा अंगणातलं वृंदावन गेलं. हातावरचं तेवढं राहिलं. म्हटलं, तेच आपल्याही हातावर हवं!

टॅटूवाल्या दादाने विचारलं, ‘‘रंग कशाला? नुसता व्रण उमटवून घे. स्कारिफिकेशन!’’ प्रकार जुनाच आहे. दक्षिण सुदानमधल्या नुएर मुलांच्या कपाळावर सहा रेघा चिरल्या जायच्या, की मुलगा पुरुष झाला. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीकाठी पाठीवर मगरीसारखे खवले उठवतात. काही ठिकाणी जखमेत राख चोळतात, म्हणजे ती सपाट न भरता वण उठून दिसतो.

आपलं गोंदण त्याचंच सौम्य भावंड. आजी सांगते, गोंदणारीण चार-पाच सुया एकत्र बांधायची, काजळी कालवायची आणि टोचत सुटायची. वर हळद. रडलं की ओरडा!

पण ते टिकतं कसं? रंग कातडीच्या आतल्या थरात जातो. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की दुसरी तोच रंग उचलते. फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये हे उंदरांवर दाखवलं.

एवढ्यात दादाचं लक्ष माझ्या कानाकडे गेलं. टोचलं होतं तिथे गाठ आहे. ‘‘हे केलॉईड आहे. मग कापणं विसर. सुईचाही धोका आहे. आधी स्किनच्या डॉक्टरकडे जा.’’ धंदा सोडून खरं बोलला, मानलं!

हिरमुसून घरी आले. आजी चौऱ्याऐंशीची. तिचं म्हणणं, सोनं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं. तिने माझा कान चाचपला आणि म्हणाली, ‘‘डाक्टरला इचार आधी. मना काय घाई नाय.’’

पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेतलीय.

टोचून घेण्याआधी :
- सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघायला हवी. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो.
- शाई नव्या कपात ओतलेली हवी.
- टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही.
- जुन्या जखमेची गाठ झाली असेल तर आधी डॉक्टर, मग डिझाईन.