काळ्या वर्तुळांवर आधी नारिंगी

चांदवडच्या बाजारात कटलरीच्या दुकानात शिरून "डोळ्यांखालचं काळं झाकायला काहीतरी द्या" म्हटलं, की बहुतेकदा समोर येते ती आपल्या रंगाहून दोन छटा उजळ कन्सीलरची ट्यूब. घरी येऊन लावली की काळेपणा कमी होतो खरा, पण त्याच्या जागी करडा, राखाडी पट्टा उमटतो. मग त्यावर आणखी एक थर चढतो आणि पट्टा आणखी ठळक होतो. दोष लावणाऱ्या हाताचा नसतो, पुष्कळदा ट्यूबचाही नसतो. मधली एक पायरी गाळलेली असते. ती पायरी नारिंगी रंगाची आहे, आणि ती का लागते हे समजलं तर दुकानात दिसेल ते उचलून आणायची वेळ येत नाही.

आधी त्वचेकडे पाहू. डोळ्यांखालची त्वचा शरीरातल्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी आहे, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कांदा चिरताना दोन पाकळ्यांच्या मधून जो पारदर्शक पापुद्रा सुटून येतो, तो आठवा. गालाच्या त्वचेखाली चरबीची गादी असते. इथे ती जवळजवळ नाहीच. त्वचेला लागूनच डोळा मिटणारा गोल स्नायू आणि त्याच्या रक्तवाहिन्या. त्यामुळे आत जे आहे त्याचा रंग वर दिसतो, आणि वर जे घडतं त्याची खूण इथे लवकर उमटते.

काळं वर्तुळ म्हणून आपण जे एकच नाव देतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली रक्तवाहिन्यांची. ती निळसर किंवा जांभळट दिसते आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी जास्त असते. जागरण झालं, सर्दी झाली की वाढते. अंगात रक्त कमी असेल तर भोवतालचा चेहरा फिका पडतो आणि निळेपणा उठून दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून थकवा, धाप आणि फिकटपणा यांच्या जोडीला वर्तुळं आली असतील तर कन्सीलरच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घेणं स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट त्वचेतल्या रंगद्रव्याची, म्हणजे मेलॅनिनची. ही तपकिरी असते आणि पुष्कळदा वरच्या पापणीवरही पसरलेली दिसते. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात ती फार आढळते आणि घराण्यातही चालत येते. आईचे डोळे पाहिले की मुलीच्या वर्तुळांचा अर्धा उलगडा होतो. त्यात ऊन भर घालतं, आणि डोळे चोळणं त्याहून जास्त. कांद्याच्या चाळीत किंवा खळ्यावर निवडणी करताना टरफलांची धूळ उडते, डोळे चुरचुरतात, हात आपोआप वर जातो. वर्षानुवर्षं असं चोळून झालेली त्वचा सूज उतरल्यावरही काळवंडलेलीच राहते. धुळीची किंवा परागांची ॲलर्जी असलेल्यांचंही हेच होतं.

तिसरी गोष्ट रंग नव्हेच, ती सावली आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे एक घळ उतरते. वय वाढलं, वजन उतरलं की ती खोल होते, आणि वरून उजेड पडला की तिच्यात अंधार साचतो.

आपल्याकडे यातलं काय आहे हे ओळखायला आरसा आणि दिवसाचा उजेड पुरतो. खिडकीसमोर उभं राहून हनुवटी हळूहळू वर करायची. काळेपणा विरत गेला तर ती सावली. मग खालची पापणी बोटाने अलगद गालाकडे ताणायची. निळा-जांभळा रंग आणखी उघड झाला तर रक्तवाहिन्या, तपकिरी जसाच्या तसा राहिला तर मेलॅनिन. बहुतेक चेहऱ्यांवर यातल्या दोन गोष्टी एकत्र नांदतात, कधी तिन्ही.

आता त्या करड्या पट्ट्याकडे वळू. उजळ कन्सीलरमध्ये पांढरा रंग भरपूर असतो, मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड. गडद पृष्ठभागावर पांढऱ्या कणांचा पातळ थर दिला, की तो थर प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतो आणि तांबडा-पिवळा भाग आत जाऊन गडद रंगात शोषला जातो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे परत येतो तो निळसर-करडा रंग. म्हणजे काळ्यावर पांढरं दिलं की गोरं न होता करडं होतं, आणि थर वाढवला तरी करडंच राहतं. मला वाटतं, गोरेपणाचा जो सोस आपल्या बाजाराने इतकी वर्षं जोपासला, त्याची सगळ्यात हास्यास्पद शिक्षा हीच. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातलं 'फेअर' गेलं, पण दुकानातला हात अजून आधी उजळ ट्यूबकडेच जातो.

यावरचा उपाय रंगचक्रात आहे. निळ्याच्या समोर नारिंगी असतो, जांभळ्याच्या समोर पिवळा. समोरासमोरचे दोन रंग एकमेकांवर आले की दोघांचाही जोर मोडतो आणि मधला, त्वचेच्या जवळचा रंग उरतो. निळ्या-जांभळ्या वर्तुळांना म्हणून नारिंगीकडे झुकणारा रंग लागतो. तपकिरी वर्तुळांतही काळसर-निळी झाक असते, त्यामुळे तिथेही नारिंगीच चालतो, फक्त जरा गडद. करेक्टर म्हणून जी डबी मिळते ती एवढ्याचसाठी. त्यातला रंग बहुधा तांबड्या आणि पिवळ्या आयर्न ऑक्साइडचा असतो. आपल्या घरच्या गेरूला तांबडा रंग देणारं द्रव्य हेच, इथे फक्त ते शुद्ध करून, बारीक दळून वापरलेलं असतं.

किती नारिंगी, हे आपल्या रंगावर ठरतं. गोऱ्या वर्णाला गुलाबी-पीच पुरतो. गव्हाळ वर्णाला पिकल्या जर्दाळूचा रंग, म्हणजे पीच आणि नारिंगीच्या मधला. सावळ्याला स्पष्ट नारिंगी, आणि त्याहून गडद वर्णाला विटकरीकडे झुकलेला. गोऱ्या चेहऱ्यासाठीचा पीच सावळ्या चेहऱ्यावर लावला तर तो पुन्हा पांढऱ्याचंच काम करतो आणि करडा पट्टा परत येतो. करेक्टरच्या पॅलेटमध्ये हिरवाही असतो. तो तांबडेपणासाठी, मुरमांच्या डागांसाठी. डोळ्यांखाली त्याचं काम नाही. रंग जरा जांभळटच असेल आणि फार गडद नसेल तर पिवळी झाक असलेला कन्सीलर एकटाच भागवून नेतो.

लहान गावात करेक्टर मिळेलच असं नाही. 2015 मध्ये दीपिका मुत्याला या भारतीय वंशाच्या अमेरिकी तरुणीने डोळ्यांखाली तांबडी लिपस्टिक लावून वर कन्सीलर देण्याची चित्रफीत टाकली आणि ती जगभर पाहिली गेली. युक्तीचं तत्त्व बरोबरच आहे. पण ओठांसाठीचे काही तांबडे रंग डोळ्यांजवळ वापरायला योग्य मानले जात नाहीत, आणि लिपस्टिकचा मेणचटपणा पापणीच्या सुरकुत्यांत जाऊन बसतो. अडीनडीला एखाद्या दिवशी, विटकरी-नारिंगी छटेचा टिकलीएवढा ठिपका, एवढंच ठीक. रोजच्यासाठी नाशिकहून किंवा ऑनलाइन एक करेक्टर मागवावा. लागतो इतका थोडा की डबी पुष्कळ दिवस जाते.

कन्सीलरची छटा मात्र प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुकानदार हाताच्या मागच्या बाजूला लावून दाखवतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या हाताचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो, डोक्यावरून पदर घेणारीचा तर कपाळ आणि गालही वेगळे. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे रेघ ओढावी आणि ट्यूबलाइटखालून निघून दुकानाच्या पायरीवर यावं. उजेडात रेघ दिसेनाशी झाली तर ती आपली छटा. अगदीच हवी असेल तर अर्धी छटा उजळ घ्यावी. दोन छटा उजळ कधीच नाही.

लावण्याचा क्रम असा. तोंड धुऊन डोळ्यांखाली हलकं मॉइश्चरायझर लावायचं आणि ते मुरेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं. इथे बहुतेकजणी घाई करतात आणि मग वरचा थर सरकतो. करेक्टर फक्त जिथे काळं आहे तिथेच, तांदळाच्या दाण्याएवढा, करंगळीशेजारच्या बोटाने थोपटत. त्या बोटाचा दाब कमी पडतो. घासायचं नाही, ओढायचं नाही. या टप्प्यावर आरशात डोळ्यांखाली किंचित नारिंगी दिसतं. घाबरू नये, तसंच दिसायला हवं. मग फाउंडेशन लावत असाल तर ते, त्या जागेवर नुसतं टेकवत. शेवटी कन्सीलर, ओल्या स्पंजने, कडा गालात विरवत. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे. वर पाहत सुरकुतीत साचलेलं बोटाने टिपून घ्यायचं आणि लगेच चिमूटभर लूज पावडर दाबायची. पावडर जास्त झाली की पंचविशीतल्या पोरीच्या डोळ्यांखालीही चाळिशीच्या रेघा उमटतात.

सावलीवर यातलं फारसं काही चालत नाही, कारण खड्डा रंगाने भरत नाही. घळीच्या तळाच्या रेघेवर अर्धी छटा उजळ कन्सीलर बारीक ब्रशने दिला तर थोडा फरक पडतो. डोळ्यांखाली पिशव्या आल्या असतील तर त्यांच्यावर उजळ रंग मुळीच नको, फुगवटा आणखी पुढे येतो. उजळ रंग पिशवीच्या खालच्या सावलीपुरताच ठेवावा.

खरी कसोटी लग्नात लागते. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला लॉन, मे महिना, साडेबाराचा मुहूर्त, म्हणजे लग्न लागणार दीडला. ऊन डोक्यावर असतं आणि घळीतली सावली सगळ्यात गडद तेव्हाच पडते. वर मांडवाचं कापड लाल-गुलाबी असेल तर त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो आणि घरी बेताचा वाटलेला नारिंगी करेक्टर भडक दिसतो. पार्लरवाल्या ताईंना मांडवाचा रंग आधीच सांगितलेला बरा. फोटो एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीत काढायचे असतील तर काम सोपं, तिथे उजेड बाजूने येतो आणि घळ भरल्यासारखी वाटते. हळदीचं तर वेगळंच प्रकरण आहे. हळद लागल्यावर चेहऱ्याला दिवसभर तरी पिवळी झाक राहते, आणि त्या चेहऱ्यावर निवडलेली छटा दोन दिवसांनी चुकीची ठरते. नवरीची छटा हळदीच्या आठवडाभर आधी ठरवून ठेवावी. एचडी म्हणून मिळणारी सिलिकाची पांढरी पावडर फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे चट्टे पाडते, म्हणून अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो आधी काढून पाहावा. काजळ खालच्या कडेला भरायचंच असेल तर आधी तिथे पावडरीचा हात फिरवावा, नाहीतर घामाने उतरलेलं काजळ दुपारपर्यंत नवी वर्तुळं तयार करतं.

झाकण्यापेक्षा घालवूनच टाकू म्हणून मिळणाऱ्या क्रीमविषयी थोडं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा तो त्या वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीमपर्यंत पोचला, आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन तयार होणं रोखतो म्हणून रंग उजळतो, आणि त्वचेतून शिरून मूत्रपिंडं बिघडवतो. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नसेल तर ती कोणी कितीही भरवशाने दिली तरी डोळ्यांखाली लावू नये. स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमचंही तसंच. त्यांनी आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते आणि निळेपणा वाढतो. वर्तुळ एकाच डोळ्याखाली असेल, अचानक आलं असेल, किंवा सूज आणि खाज सोबत असेल तर नेत्रतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

रोज बाहेर पडणारीने सनस्क्रीन डोळ्यांच्या कडेपर्यंत न्यावं. रात्री मेकअप उतरवताना कापसावर दोन थेंब खोबरेल तेल घेऊन तो मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवायचा, मग एकदाच खाली पुसायचा. टॉवेलने खसाखसा पुसलं तर पुन्हा चोळणंच होतं, आणि त्याने काय होतं ते वर आलंच आहे. स्पंज आठवड्यातून दोनदा साबणाने धुवावा. पार्लरमध्ये सगळ्यांना एकाच काडीने काजळ लावत असतील तर आपलं काजळ घरून न्यावं.