सल्ला गिळायला शिकताना

साताऱ्याजवळ जकातवाडीत यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. अशा महाविद्यालयांत एमएसडब्ल्यूच्या मुलांना सहसा आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्कला जावे लागते. कधी वस्तीत, कधी दवाखान्यात. तिथे पहिल्यांदा घात करते ती जीभ. दारुड्या नवऱ्याची हकीकत अर्धी ऐकून होते न होते तोच ‘मग तुम्ही पोलिसांत का जात नाही?’ हा प्रश्न निसटतो आणि समोरची बाई मिटून जाते.

वर्गात यावर रोल-प्ले घेतात. ‘नवरा मारतो का?’ असे विचारले तर हो किंवा नाही, एवढेच हाती लागते. ‘घरी कसं चाललंय, अक्का?’ म्हटले तर बोलणे निघू शकते. पण खरा कस लागतो प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये. भेटीतला संवाद आठवून जसाच्या तसा लिहायचा, शिवाय त्या क्षणी स्वतःच्या मनात काय आले तेही. इथे विषय का बदललास, असे पर्यवेक्षक नेमके विचारतात. मुलांना हे लिखाण जाचते, पण पाठांतराने न येणारे बरेच काही त्यातूनच येते.

पाठांतराला फेलिक्स बीस्टेक आहेतच. या अमेरिकी जेझुइट धर्मगुरूंनी १९५७ साली केसवर्कमधल्या, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतच्या कामातल्या, नात्याची सात तत्त्वे मांडली. गुप्तता हे त्यातलेच एक. आता खेड्यातल्या गृहभेटीत ती पाळून दाखवा! चहाबरोबर सासू येते, जाऊ येते, शेजारीणही टेकते. सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागात तर अनेक घरांत कन्नड बोलतात. दुभाषा म्हणून घरातलाच कुणी बसला, तर बाई मनातले काय सांगणार?

दुसरे तत्त्व, समोरच्याचा न्यायनिवाडा न करण्याचे. त्याचा धडा सांगलीत मिळतो. १९९२ पासून मीना सेशू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने गोकुळनगरात एचआयव्ही रोखण्याचे काम धंदा करणाऱ्या बायकांच्याच हाती दिले. निरोध वाटणाऱ्या त्याच, समजावणाऱ्याही त्याच. १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. आम्हाला बिचाऱ्या समजून सोडवायला येऊ नका, हे या बायका ठणकावून सांगू लागल्या.

पुढे अमेरिकेने मदतीसाठी अट घातली: संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे लिहून द्यावे. तसे लिहून देऊन पुन्हा त्याच बायकांसमोर कोणत्या तोंडाने बसायचे? २००५ साली ‘संग्राम’ने त्या निधीवर पाणी सोडले.