कीर्तीचे दान आणि द्रव्याचे दान

नामवंत कलावंताने लोककार्यास स्वतःच्या मिळकतीतून द्रव्य द्यावे, की आपल्या नावाचे वजन त्या कार्यामागे उभे करावे, हा प्रश्न वरवर पाहता त्याच्या खाजगी औदार्याचा वाटतो. परंतु कीर्ती ही कलावंताने एकट्याने मिळविलेली मत्ता नव्हे. प्रेक्षकांनी त्याच्या ठायी ठेवलेल्या विश्वासाचाही तीत अंश असतो. द्रव्य देताना तो स्वतःचे देतो. प्रभाव वापरताना मात्र काही अंशी दुसऱ्याचे खर्ची घालतो. प्रस्तुत चर्चेत या भेदाकडे सहसा दुर्लक्ष होते.

महाराष्ट्रात या दोहोंच्या मधली एक वाट १९८० नंतरच्या दशकात निघाली. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांच्या निर्वाहासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या १९३६ सालच्या नाटकाचे प्रयोग केले. मूळ रक्कम राखून तिच्या व्याजातून कार्यकर्त्यांस मानधन द्यावयाचे, अशी योजना होती. येथे कलावंतांनी श्रम दिले, प्रेक्षकांनी पैसे दिले, आणि त्या पैशांचा मोबदला म्हणून प्रेक्षकांस नाटकही पाहावयास मिळाले. कोणी कोणावर उपकार केल्याची भावना या व्यवहारात फारशी उरत नाही, हे त्याचे मोठेच वैशिष्ट्य होय.

२०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांस प्रत्येकी १५,००० रुपयांचे साहाय्य देण्यास आरंभ केला. त्यातूनच ‘नाम’ ही संस्था उभी राहिली, व पुढे लोकांच्या देणग्यांवर जलसंधारणाची कामे झाली. ही रक्कम कर्जाच्या मानाने अल्प होती हे खरे. पण ती विधवेच्या हाती प्रत्यक्ष पडत होती.

आमिर खान व किरण राव यांच्या ‘पानी फाउंडेशन’ने २०१६ साली निराळा मार्ग धरला. वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांतील ११६ गावांत जलसंधारणाची स्पर्धा झाली. कोरेगाव तालुक्यातील वेळू हे गाव पहिले आले. गावकऱ्यांस तंत्राचे शिक्षण मिळाले, मात्र चर खणावयाचे ते त्यांनीच, भर उन्हाळ्यात, श्रमदानाने. २०१८ पर्यंत स्पर्धा ७५ तालुक्यांत पोहोचली. एवढे मनुष्यबळ कोणत्याही एका व्यक्तीच्या देणगीने विकत मिळाले नसते.

येथेच सावध राहावयास हवे. देणगीची पावती असते, तिचा हिशेब तपासता येतो. नावाच्या वजनाची पावती नसते. पुरस्कृत केलेले तंत्र एखाद्या ठिकाणी चुकीचे ठरले, तर नटाचे काहीच बुडत नाही. बुडतात ते गावकऱ्यांच्या घामाचे दिवस. ही भीती केवळ तार्किक नव्हे. नाल्यांचे बेसुमार खोलीकरण भूजलास अपायकारक ठरू शकते, असा आक्षेप त्याच काळात राज्यातील जलसंधारणाच्या कामांविषयी तज्ज्ञांनी घेतला होता. लोकप्रियतेच्या बळावर एखादी पद्धत शास्त्रीय परीक्षेच्या पुढे धावू शकते.

जलसंधारणाची ही स्पर्धा २०१९ नंतर झाली नाही. चर बुजतात, बंधाऱ्यांत गाळ साठतो, आणि तो काढण्याचे काम कॅमेरे परतल्यावरही करावेच लागते. प्रसिद्धीचे फळ मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाने त्या गावांची पाहणी करावयाची ती या गाळापासून.