जरदोजी जोड्याचे मोल : चांदीचे की हाताचे?

जुनी जर विकत घेणारा दारावर आला की घरातील बायका फाटलेल्या शालूबरोबर ट्रंकेच्या तळाशी पडलेला मखमली जोडाही बाहेर काढतात. नानीच्या किंवा दादीच्या निकाहातील तो जोडा असतो. घेणारा तराजू काढतो, तार उसवण्याची मजुरी वजा करतो आणि चांदीच्या भावाने काही रुपये हातावर ठेवतो. आमच्या मते या सौद्यात विकणारीचे नुकसान होते आणि घेणाऱ्याचेही. जोड्यावर तार थोडी आणि काम फार असते. तार वितळली की फक्त थोडी चांदी उरते.

म्हणून जरदोजी जोडा कसा पारखावा, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी जाणून घेतले पाहिजे.

प्रथम जर पाहावी. अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन, ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असते. ती जुनी झाली की काळवंडते. नकली जरीत आत तांबे असते. मुलामा झिजला की लालसर झाक येते, दमट जागी हिरवट बुरशीसारखा थर धरतो. परीक्षेसाठी नवा धागा कधीही तोडू नये. आतल्या बाजूला आधीच तुटलेले टोक सापडतेच. त्याचा आतला धागा जाळला असता केस जळल्याचा वास आला व राख चुरडली गेली तर रेशीम समजावे, कागदाचा वास आला तर सूत, आणि कडक गोळी झाली तर तो आजकालचा कृत्रिम धागा होय. धातूबद्दल शंका राहिली तर सराफाच्या कसोटीवर दाखवावे.

त्यानंतर वय. बाजारात प्रत्येक जुना जोडा ‘नवाबी’ आणि त्याची मालकीण ‘बेगम’ असते! डावा-उजवा सारखाच आहे म्हणून जोडा जुना, असेही सांगितले जाते. पण असे सरळ जोडे आजही बनतात, तेव्हा हा पुरावा नव्हे. मखमलीचा रंग अधिक बोलतो. रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनने शोधलेल्या जांभळ्या रंगाने झाली. त्यामुळे अशा रंगाची झगझगीत मखमल असलेला जोडा मोगलांच्या काळातला म्हणून कोणी दाखवू लागला तर हसून पुढे जावे. आत इंग्रजीत देशाचे नाव छापलेले असेल तर तो बहुधा परदेशी पाठवण्यासाठी केलेला माल. अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव असण्याची सक्ती १८९० च्या जकात कायद्याने केली. अस्तराखाली फोम किंवा रेक्झिन निघाले तर जोडा अलीकडचा, किंवा निदान दुरुस्त केलेला. भिंगाखाली टिकल्याही पाहाव्यात. जुनी धातूची टिकली तारेचे कडे ठोकून करीत, तिच्या कडेला बारीक चीर दिसते. १९३० च्या सुमारास जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या. त्या पाण्याने विरघळतात.

पण सर्वांत महत्त्वाची जागा शिवणीची. जोड्याचे भरतकाम कारचोबावर कापड ताणून, पायाचा आकार आखून करतात आणि मग कापतात. त्यामुळे बेल काठाबरोबर वळते आणि कोयरी बरोबर चोचीवर बसते. नक्षी शिवणीपाशी अर्धवट कापलेली दिसली तर समजावे की एखाद्या जुन्या लेहंग्याचा किंवा पडद्याचा तुकडा कापून जोडा केला आहे. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही, पण त्याचे मोल वेगळे. दोन्ही पायांतील सलमा, दबका आणि भरतीची उंचीही ताडून पाहावी. एक पाय नंतर बनवलेला असेल तर इथे कळते.

तळ झिजलेला नसेल तर भाव चढतो. तळ बदलला, जर चमकवण्यासाठी लिंबू-चिंच लावली किंवा जोडा धुतला, तर उतरतो, आणि गेलेला मुलामा परत येत नाही. जोडा मलमलीत गुंडाळून ठेवावा; रबराजवळ ठेवू नये, रबरातील गंधकाने चांदी काळी पडते.

जोडा कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या साली लग्नात घातला, हे मालकाकडून लिहून घ्यावे. निकाहाचा फोटो असेल तर त्याची प्रत मागावी. हैदराबादचे निजाम सिकंदर जाह यांच्या मोजड्या टोरांटोच्या बाटा शू म्युझियममधून २००६ साली चोरीला गेल्या आणि परत मिळाल्या, तेव्हा जगभर बातमी झाली ती केवळ कारागिरीमुळे नव्हे. त्या कोणाच्या, हे ठाऊक होते.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पुरी झालेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही. त्याहून नव्या मालासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊनच पार्सल करावे. दुबईच्या गिऱ्हाइकाला घाईने पाठवलेला जोडा कस्टममध्ये अडकला तर नफा तर जातोच, वर खटला मागे लागतो.

आणि भाव सांगण्याचा प्रश्न. काफिला बाजारात पोहोचण्याआधीच वाटेवर गाठून, मालकाला बाजारभाव ठाऊक नसताना माल घेण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली होती. दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला हातातल्या वस्तूचे मोल ठाऊक नाही, हे आपल्याला ठाऊक असते. तिला तारेचा भाव आणि जोड्याचा भाव, दोन्ही सांगावेत, मग सौदा करावा. तसेच पुढे विकताना बदललेला तळ, नव्याने भरलेली कोयरी बिलावर लिहावी. ऐब झाकून केलेल्या विक्रीत बरकत कसली?

कारागिरांना एक सुचवावेसे वाटते. जोडा दुरुस्तीला आला की सुई लावण्याआधी त्याच्या नक्षीचा खाका काढून ठेवावा. भोके पाडलेला तो कागद वर्षानुवर्षे वापरता येतो. मदनपुरा, गोवंडीच्या कारखान्यांत आज छापील नमुन्यावर काम चालते. जुन्या उस्तादांची बेल तिथे पुन्हा भरायची तर ती जोडा परत जाण्याआधीच उतरवून घ्यावी लागेल. मात्र मालकाची परवानगी विचारून.