ट्रम्पेटची ओळ कुणाची?

गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन चालू असताना ते कुणाचं, असं कुणी विचारत नाही. शेवटच्या कडव्यात ‘तुकड्या’ ही मुद्रा येते आणि रचना कुणाची ते ठरून जातं. खंजिरी कुणाच्या हातात होती, ध्रुपद कुणी उचलून धरलं, पेटीवर कोण बसलं होतं, हे मुद्रेत येत नाही. पण त्याची गरजही नसते, कारण ही माणसं समोरच बसलेली असतात आणि गावाला ती ठाऊक असतात. सिनेमाच्या गाण्याने ही सोय मोडली. तबकडी घरोघर फिरू लागली तसा वाजवणारा दिसेनासा झाला, आणि लेबलवर चित्रपट, गायक व संगीतकार एवढीच नावं उरली. गायकाचं नावही सुरुवातीला पक्कं नव्हतं. ‘महल’च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं गेलं होतं. जिथे लताबाईंची ही गत, तिथे ट्रम्पेट फुंकणाऱ्याला कोण विचारतो! अशाच एका ट्रम्पेटवाल्याला मात्र नाव मिळालं, भलंमोठं मिळालं, आणि माझं म्हणणं असं की त्या नावानेच त्याचं खरं काम झाकून टाकलं.

चिक चॉकलेट हा तो वादक, आणि अमेरिकन जॅझच्या थोर ट्रम्पेटवादकावरून ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही त्याला चिकटलेली पदवी. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. पोट भरण्यासाठी गोवेकरांनी जेव्हा मुंबई, कलकत्ता, रंगून गाठलं, तेव्हा ही वाचता येणारी स्वरलिपी हीच त्यांची शिदोरी होती. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात लिऑन ॲबी, ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत येऊन वाजवत. यातला वेदरफोर्ड तर शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात खुद्द आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलेला माणूस. म्हणजे जॅझ मुंबईत पोचला तो केवळ तबकड्यांवरून नाही. तो अंगावर सूट चढवलेल्या, घाम पुसणाऱ्या माणसांकडून पोचला. चिकने त्यातून आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाज उचलला, पांढरा रुमाल उचलला, आणि ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा आपला बँड उभा केला. ताजच्या नाचघरातली गिऱ्हाइकं खूश झाली आणि पदवी बहाल झाली.

पदवीची अडचण अशी की ती माणसाला दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजते. आर्मस्ट्राँगच्या फूटपट्टीने चिक एक चांगला अनुयायी ठरतो, यापलीकडे काही नाही. पण त्याचा आवाज या देशातल्या कोट्यवधी कानांत शिरला तो ताजमधून नव्हे. तो शिरला संगीतकार सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून, जिथे तो सहायक होता. हे रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर उर्फ अण्णा चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे राग-तालाचं घर पक्कं असलेले. हळदोण्याचा अँटोनियो वाझ, कागदावरची स्वरलिपी घडाघडा वाचणारा. आणि ‘अलबेला’ या चित्रपटापुरतं बोलायचं तर तिसरे भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, ज्यांचा जन्म अमरावतीचा सांगितला जातो. या तिघांचं १९५१ साली जे जमलं त्याचा हिशेब एकाच्याच नावावर लावता येत नाही.

तो का लावता येत नाही हे कळायला त्या काळी गाणं कसं तयार होई ते पाहावं लागतं. संगीतकार पेटीवर चाल बांधी. शब्द, मुखडा, अंतरा इथपर्यंतचं काम सिटिंगमध्ये होई. पण चाल म्हणजे गाणं नव्हे. मुखडा संपून अंतरा लागेपर्यंतची जागा रिकामी असते, आणि गायक श्वास घेतो तिथल्या बारीक फटीही रिकाम्या असतात. पहिली जागा ‘म्युझिक पीस’ने भरायची, दुसरी ‘फिलर’ने. शिवाय चालीखाली कोणते कॉर्ड ठेवायचे, ठेका कोणत्या वाद्याने धरायचा, ब्रास किती आणि सनया-बासऱ्या किती, हे कुणीतरी ठरवून स्टाफ नोटेशनमध्ये उतरवावं लागे, आणि प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहून काढावा लागे. हिंदी सिनेमातले बहुतेक संगीतकार ही लिपी वाचत नसत. म्हणून सहायक किंवा अरेंजर हवा, आणि तो बहुधा गोवेकर असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. त्यातला पाऊण-एक मिनिट जर पीस आणि फिलर असतील, तर गाण्याचा चौथा हिस्सा अशा माणसाच्या हातचा झाला ज्याचं नाव लेबलवर नाही. ध्वनिमुद्रणही तुकड्यांत होत नसे. मोजके माइक, सगळे वादक एकाच खोलीत, गायक त्यांच्याबरोबर उभा. ट्रम्पेटसारखं दणदणीत वाद्य मागे सरकवून किंवा तोंडावर म्यूट लावूनच गायकाच्या आवाजाला वाट मिळे. एक वादक चुकला की टेक पहिल्यापासून. अशा खोलीत ट्रम्पेटवाला सुचेल ते फुंकत नसतो. आपली ओळ कुठे थांबली की गायकाला जागा मिळेल, हे त्याला आधी कळलेलं असावं लागतं.

हे सगळं ‘अलबेला’त ऐकू येतं. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी मंडळी एकत्र आहेत, आणि गायला स्वतः अण्णा चितळकर व लताबाई. चाल काढून बाजूला ठेवली तर ती गुणगुणायला सोपी, साधीच आहे. तिला भगवानदादांच्या त्या सैल, खांदे हलवणाऱ्या नाचाची चाल मिळते ती ठेक्यातून आणि ब्रासच्या छोट्या छोट्या जबाबांतून. ‘दीवाना ये परवाना’मध्ये तर चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून चक्क पडद्यावरच उभा आहे. हा पुरावा दुर्मीळ आहे. एरवी ज्यांना खोलीतून बाहेर काढलं जात नसे, ते इथे नायकाच्या मागे दिसतात. फक्त बघणाऱ्याला ते ‘सजावटीचे बँडवाले’ वाटतात, कारण हेच खरे वाजवणारे आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

‘अलबेला’च्याच वर्षी, १९५१मध्ये, देव आनंद आणि मधुबालाचा ‘नादान’ आला. त्याचं संगीत चिक चॉकलेटचं. त्यातलं तलत महमूदचं ‘आ तेरी तसवीर बना लूँ’ आजही जुन्या गाण्यांच्या शौकिनांना आठवतं, पण ते कुणाचं असं विचारलं तर दहातले नऊ जण भलतंच नाव घेतील. ते गाणं हळुवार आहे, तलतच्या कापऱ्या आवाजाच्या मापाने बेतलेलं. आर्मस्ट्राँगचा नकलाकार असं गाणं बांधत नाही. ते तोच बांधतो ज्याने स्टुडिओत बसून हिंदुस्थानी गायकाचा श्वास कुठे तुटतो आणि शब्द कुठे लांबतो, हे वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. पदवी खोटी ठरवायला एवढं एक गाणं मला पुरेसं वाटतं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: ही सगळी उसनवारी आहे. रामचंद्रांचं ‘समाधी’तलं (१९५०) ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ एडमंडो रॉसच्या वाद्यवृंदाने गाजवलेल्या एका लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून घेतलं, हे आता सर्वश्रुत आहे. नाकारायचं कारण नाही. पण उसनवारी म्हणून हात झटकणारे एक गोष्ट विसरतात. रॉसचं ते गाणं लंडनच्या नाचघरासाठी होतं. इथे ते लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्यातल्या छेडछाडीच्या सवाल-जबाबात बसवायचं होतं. एकीचा आवाज कोवळा, दुसरीचा मुरलेला. चाल परकी असली तरी ती या दोन आवाजांत वाटून देणं आणि मधल्या फटी भरणं, हे काम मुंबईतच करावं लागलं. चाल उचलण्याची जबाबदारी संगीतकाराची, आणि ती त्याच्यावरच राहू द्यावी. बसवण्याचं श्रेय मात्र वेगळं मोजावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे. रामचंद्रांची पाश्चात्त्य ठेक्याची आवड स्वतःची होती. ‘शहनाई’तलं (१९४७) ‘आना मेरी जान संडे के संडे’ ‘अलबेला’च्या चार वर्षं आधीचं आहे. पुढे ‘आशा’तलं (१९५७) ‘ईना मीना डीका’ आलं. त्यात जॉन गोम्स या दुसऱ्या गोवेकर सहायकाने कोकणी शब्द घुसवल्याचं सांगतात. म्हणजे अण्णांच्या भोवती गोवेकर हात अनेक होते, चिक त्यांतला एक. आणि ‘अनारकली’ (१९५३) बांधणाऱ्या माणसाला कुणा बँडमास्तरने घडवलं असं म्हणणं हास्यास्पद होईल. हल्ली गोव्याच्या अभिमानापोटी ‘खरे संगीतकार अरेंजरच होते’ असा सूर लावला जातो, तो मला पटत नाही. एकाचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिलं तर हिशेब तसाच चुकलेला राहतो. चाल रामचंद्रांची, हे कायम ठेवूनच बाकीच्यांचा वाटा दाखवता आला पाहिजे.

राहिला जॅझच्या सोवळ्या मंडळींचा मुद्दा: जॅझ म्हणजे ऐन वेळी सुचलेलं वाजवणं, आणि कागदावर लिहून तीन मिनिटांत बसवलेलं गाणं जॅझच नव्हे. शब्दशः ते खरं आहे. पण मग चिकने काय करायला हवं होतं? गोरे साहेब आणि लष्करी अधिकारी देश सोडून गेले, आणि १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या नाचघरांची रयाच गेली. वादकांची चूल पेटती ठेवली ती फिल्म स्टुडिओंनी. फ्रँक फर्नांड हा कुडचड्याचा ट्रम्पेटवादक याच वाटेने सहायक झाला, आणि पुढे त्याने ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारा सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आला आणि शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळाचा कणा झाला. जॅझ ‘शुद्ध’ ठेवायचा तर उपाशी राहावं लागलं असतं, एवढंच कारण नाही. ट्रम्पेटच्या तीन व्हॉल्व्हवर मींड नीट निघत नाही, सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. अशा वाद्याला भीमपलासीच्या किंवा बागेश्रीच्या शेजारी उभं करायचं तर नवी रीत शोधावीच लागते. छोटे छोटे झटके, ओठाने किंचित खाली पाडलेला शेवटचा सूर, गायकाची ओळ संपते तिथेच सुरू होऊन ती परत लागायच्या आत विरणारं उत्तर. हे शिकागोत कुणाला करावं लागलं नव्हतं. त्याचं मोल जॅझच्या नियमांनी काढता येणार नाही आणि रागसंगीताच्याही नाही.

अडचण पुराव्याची आहे आणि ती टाळून चालणार नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओ वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढलं, नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मांडला. पण चिक १९६७ सालीच, पन्नाशीत, गेला होता. अमुक गाण्यातला तमुक तुकडा माझा, असं सांगायला तो उरला नाही. म्हणून त्याच्या बाबतीत साक्ष फक्त ध्वनिमुद्रणांची, आणि ती वाचायची पद्धत कष्टाची आहे: रामचंद्रांची १९४७पासूनची गाणी ओळीने लावायची, ‘नादान’मधली चिकची स्वतःची गाणी त्यांच्या शेजारी ठेवायची, आणि पीस नि फिलर तेवढे वेगळे करून ऐकायचे. कुठे दोन्हीकडे तीच वळणं सापडतील, कुठे काहीच जुळणार नाही. रामचंद्रांवर मराठीत प्रेमाने लिहिलं गेलं आहे, त्यांचं स्वतःचं ‘माझ्या जीवनाची सरगम’ही आहे. ही तुलना मात्र कान देऊन करायची राहिली आहे, आणि तिला लागणारं साहित्य कुठल्याही मोबाइलवर फुकट वाजतं.