नमुना सही

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तिजोरीला धोका केवळ दरोडेखोरांचा नसतो. पहारेकऱ्याची बंदूकही लगामात असावी लागते. शरीराचेही तसेच आहे.

आपल्या रक्तात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची फौज फिरत असते. तिचे काम दाखवणाऱ्या बेल्जियमच्या ज्यूल बोर्दे यांना १९१९ चे नोबेल मिळाले. या फौजेची खोड अशी, की ती हुकुमाची वाट पाहत नाही. तिचे मुख्य प्रथिन सी-३. शत्रू असो वा नसो, ते थोडेथोडे पेटतच राहते आणि समोर येईल त्याला चिकटते. जंतूला चिकटले तर ठीक. आपल्याच पेशीला चिकटले तर?

त्यासाठी यकृत ‘फॅक्टर एच’ हे प्रथिन बनवते. आम्ही चेकवरची सही नमुना-कार्डाशी ताडून पाहत असू, तसेच हे. आपल्या पेशींवर सियालिक आम्लाची खूण असते. ती पटली की फॅक्टर एच तिथे बसते आणि ‘फॅक्टर आय’च्या मदतीने सी-३ चा चिकटलेला तुकडा निकामी करते.

ही तपासणी ढिली पडली, की पहिला फटका बहुधा मूत्रपिंडाला. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या. त्यांतल्या केशवाहिन्यांना पेशींचे एकपदरी अस्तर. ते दुखावले की गुठळ्या होतात, त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फाटतात, प्लेटलेट घटतात. याला ‘अटिपिकल एचयूएस’ म्हणतात. फॅक्टर एचच्या जनुकातील दोषाशी त्याचा संबंध १९९८ मध्ये उघड झाला. भारतीय मुलांत मात्र बरेचदा शरीर फॅक्टर एचविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते; म्हणजे तपासनीसालाच कोंडून ठेवण्यासारखे.

शेजारची सून एका संध्याकाळी म्हणाली, “काका, पोरगा पांढराफटक पडलाय, लघवीही नाहीशीच.” त्याच रात्री त्याला नेले. प्लाझ्मा बदलला, प्रतिपिंडे दाबणारी औषधे दिली. आज तो शाळेत जातो. २०११ मध्ये या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले एक्युलिझुमॅब कॉम्प्लिमेंटलाच आवर घालते, पण त्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची.

म्हणून सांगतो, मूल अचानक फिकट पडले, सुजले, लघवी कमी झाली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून टॉनिक आणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या. इथे एकेक दिवस मोलाचा असतो.